एका फेरीपुरता दम

आर्या, कबीर,

गेली चार वर्षं माझं पोस्टिंग बहारीनला आहे. युनिट लहान: तुमची आत्या, आतोबा आणि मी. मुक्काम गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर. आतोबा पहाटे पाचच्या बसने अस्करला शिफ्टला जातात. आत्या सातला बँकेत जाते. साडेसातपर्यंत मी फिरून येते, खालच्या दुकानातून भाजी आणते, आणि त्यानंतर दिवसभर मला हुकूम देणारं किंवा माझा हुकूम ऐकणारं कोणी नसतं. सैन्यात तेवीस वर्षं नर्सिंग ऑफिसर म्हणून काढली, मेजर होऊन निवृत्त झाले. रिकाम्या दिवसाची सवय मला अजून लागलेली नाही.

परवा फोनवर कबीरने विचारलं, लाहू लोकांचं गाव कसं होतं. मी "छान" म्हणाले. तो रिपोर्ट चुकीचा होता. खरा रिपोर्ट खाली देते. मराठी वाचायला जड गेलं तर बाबांकडून वाचून घ्या.

डिसेंबरच्या सुटीत आमच्या बिल्डिंगमधले अकरा जण थायलंडला गेले. बाकीच्यांना खरेदी करायची होती. माझं कारण वेगळं होतं. सहलीच्या कागदावर उत्तरेकडच्या डोंगरातल्या लाहू जमातीच्या गावाचा फोटो होता. फोटोत एका माणसाच्या हातात एक वाद्य होतं: सुकवलेला छोटा दुधी भोपळा आणि त्यात खोचलेल्या पाच बांबूच्या नळ्या. तसंच वाद्य मी बेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं. ईशान्येकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मी सर्जिकल वॉर्डला लेफ्टनंट होते. मिझो डोंगरातला एक शिपाई ते किटमध्ये घेऊन दाखल झाला. पेशंटच्या सामानाच्या यादीत मी नोंद केली: 'वाद्य, दुधीचं, एक.' तो त्याला काय म्हणायचा ते लिहून घेतलं नाही. आणि ते वाजताना मी कधी ऐकलं नाही. मला ते एकदा ऐकायचं होतं. बाकी सहलीत मला रस नव्हता.

गावाला जायच्या दिवशी ०७४० ला बसमध्ये मी रोल कॉल घेतला. तीन प्रश्न ठरलेले होते: पासपोर्ट, गोळ्या, नाश्ता. नऊ जणांनी नीट उत्तरं दिली. दहावे परडकर. मालवणकडचे, गुदैबियात तीस वर्षं व्हॅन चालवलेले, सहा वर्षं डायबेटीस.

"परडकर, गोळी?"

"झाली, मॅडम."

"नाश्ता?"

"झाला, मॅडम. सगळा झाला. यल्ला, चला."

वैशालीवहिनी, त्यांची बायको, खिडकीबाहेर बघत होती. ते मला खटकायला हवं होतं.

बस ०८१० ला निघाली. दीड तासाचा रस्ता. वाटेत ऑर्किडच्या बागेला थांबलो, मग मधाच्या दुकानात. मधाच्या दुकानात पस्तीस मिनिटं गेली. मी दारात उभी राहून दोनदा घड्याळ दाखवलं. वहिनी म्हणाली, "मॅडम, तुमी पण घ्या एक बाटली. घसो बरो ऱ्हवता." मी घेतली नाही. गावात पोचलो तेव्हा १०५० झाले होते.

आमची गाईड नोई नावाची थाई मुलगी. इंग्रजी चांगलं बोलायची. तिने जाहीर केलं, "चाळीस मिनिटं."

गाव उतारावर होतं. बांबूची घरं खांबांवर उभी, खाली डुकरं आणि सरपण. मधल्या मोकळ्या जागेत काळ्या जाकिटांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या लावलेल्या आठ मुली हात धरून गोल फिरत होत्या. संगीत एका प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवलेल्या स्पीकरमधून येत होतं.

"वाजवणारे कुठे आहेत?" मी नोईला विचारलं.

"हे त्यांचंच संगीत आहे, मॅडम."

"हा स्पीकर आहे."

"रेकॉर्डिंग त्यांचंच आहे."

आमच्यातले चार जण मुलींच्या मधे उभे राहून फोटो काढून घेत होते. एवढ्या लांब मी स्पीकर ऐकायला आले होते. मी आवाज चढवला नाही, पण तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. मग नोईने एका घराकडे बोट दाखवलं. "पूर्वी ते आजोबा वाजवायचे. आता त्यांना दम लागतो."

मी बूट काढून शिडी चढले. म्हातारबा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. वाद्य त्यांच्या डोक्यावर खुंटीला टांगलेलं होतं, धुराने काळं पडलेलं. पाच नळ्या. मी मोजल्या. नोईने माझी विनंती सांगितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, "माझ्या वॉर्डातल्या एका शिपायाकडे असंच होतं."

"तो काय वाजवायचा?"

"मी ऐकलं नाही."

त्यांनी लसणाची सुपली बाजूला सारली आणि वाद्य काढलं. नोई म्हणाली, "एक फेरी वाजवतो म्हणतात. तेवढाच दम आहे. पण खाली, नाचासाठी. बसून एका माणसासाठी वाजवत नाहीत. भोवती नाचायला माणसं आणा."

स्पीकर बंद झाला. मुलींनी हात धरले, पण गोल पुरा होईना. मी आमच्या लोकांना हाक मारली. कोणी सावलीत बसलं होतं, कोणी फोनवर होतं. उठले एकटे परडकर.

"चला, मॅडमची ऑर्डर आसा," ते म्हणाले. "आमच्या दशावतारात मी नाचलेलो माणूस."

"पखवाज वाजवलेलो," वहिनी म्हणाली. "नाचूक कोणी घेतल्यान नाय ह्येंका." तिने मोबाइल वर धरला.

११२२ ला म्हातारबांनी वाद्य ओठाला लावलं. पहिला आवाज मला आठवतो. एक लांब, जाड सूर आणि त्याच्यावर दुसरा बारीक. पुढची फुंक आली तेव्हा परडकर गोलातून बाजूला झुकले आणि मुलीचा हात न सोडता खाली बसले, मग आडवे झाले.

मी धावले. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, हात थंड. डोळे उघडे, पण नजर ठरत नव्हती.

"वहिनी, सकाळी काय खाल्लंय यांनी?"

तिने मोबाइल गवतावर ठेवला.

"वहिनी. उत्तर."

"संकष्टी आसा, मॅडम. काळो चहा घेतल्यानी फकत. आणि गोळी."

डायबेटीसची गोळी घ्यायची आणि उपास धरायचा. आपली माणसं दोन्ही गोष्टी सारख्याच निष्ठेने पाळतात. हॉस्पिटलमध्ये मी ही चूक किती वेळा पाहिली असेल.

"मध काढ. आत्ता."

मी त्यांना कुशीवर वळवलं. गिळता येतंय याची खात्री केली आणि बोटावर मध घेऊन ओठांपाशी नेला. त्यांनी दात घट्ट मिटले.

"चंद्र... उगवूक नाय."

"चंद्राचं मी बघते. तोंड उघडा."

"अहो, मध चलता उपासाक," वहिनी म्हणाली. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

मी गालाच्या आत मध चोळला. थोडा थोडा, तीनदा. मग मनगट धरलं आणि घड्याळावर नजर ठेवली. मी नाडी पूर्ण मिनिट मोजते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं की चुका होतात, हे मी प्रत्येक नव्या सिस्टरला शिकवलं. पूर्ण मिनिट मोजताना दुसरं काही ऐकू येत नाही. ऐकू द्यायचंच नसतं.

एकशे बारा. परत मोजली. एकशे चार. परडकर माझ्याकडे बघून ओळखीचं हसले.

मी मान वर केली तेव्हा म्हातारबा वाद्य खाली ठेवत होते. मुली थांबलेल्या होत्या. नोई म्हणाली, सुरू केलेली फेरी ते अर्धी सोडत नाहीत. पुरी करून थांबले.

म्हणजे माझ्यापासून दहा पावलांवर ते सबंध वाजलं होतं.

नोई हळूच म्हणाली, "पुन्हा विचारू का?" मी म्हातारबांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते. ओठांना निळसर झाक होती. अशा पेशंटला कोणती सिस्टर पुन्हा फुंकायला सांगेल? मी "नको" म्हणाले. नमस्कार केला. त्यांनी माझ्या हातात लसणाची एक जुडी दिली.

परडकरांना सावलीत बसवून भात आणि उकडलेलं अंडं समोर ठेवलं. अंडं त्यांनी वहिनीकडे सरकवलं, भात खाल्ला. १२२५ ला बस निघाली. नोईच्या चाळीस मिनिटांच्या वर पंचावन्न झाली होती, त्याबद्दल मागच्या सीटवर कुरकुर चालली होती. पुढची खरेदी हुकणार होती.

मी परडकरांशेजारी बसले.

"उपास होता तर सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही करूक दिलो असतात?"

"नाही."

"म्हणूनच."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मॅडम, माझ्यामुळे तुमचा ऐकूचा ऱ्हवला."

मी म्हणाले, "गोळ्यांचं वेळापत्रक उद्यापासून माझ्याकडे." राग होता. त्यांच्यावर, मधाच्या दुकानावर, नोईच्या चाळीस मिनिटांवर. त्यांना गोलात बोलावणारी मी होते, तो हिशेब वेगळा.

तुम्ही विचारालच, व्हिडिओ नाही का. आहे. वहिनीने परडकर पडल्यावरही फोन बंद केला नव्हता, घाईत तो गवतावर ठेवला होता. पहिल्या दोन फुंकांनंतर चित्रात नुसतं आकाश दिसतं. आवाज माझाच आहे. "मध काढ. तोंड उघडा. सगळे मागे सरका." नाडी मोजत होते ती दोन मिनिटं तरी वाद्य मिळेल असं वाटलं होतं. पण तिथे आमची बाकीची माणसं एकमेकांना काय झालं ते सांगताहेत. बहारीनला परत आल्यावर मी ते हेडफोन लावून सहा वेळा ऐकलं. आतोबांनी लॅपटॉपवर आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

आता त्या शिपायाबद्दल.

त्याला पोटात गोळी लागली होती. एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं ठरलं होतं. पहिल्या दिवशी त्याने वाजवायची परवानगी मागितली. मी नाही म्हटलं. पोटाला टाके असताना फुंकायचं नसतं. तो हुकूम बरोबर होता, आजही तोच देईन. दहाव्या दिवशी संध्याकाळी त्याने पुन्हा मला बोलावलं.

"सिस्टर, बजाऊँगा नहीं. सिर्फ हाथ में दे दो."

मी म्हणाले, "स्टोर बंद हो गया. सुबह."

पेशंटचं सामान सहानंतर द्यायचं नाही, असा नियम होता. तो बरं म्हणाला आणि भिंतीकडे वळला. सकाळी ०६१५ ला टाक्यांच्या आत रक्तस्राव होऊन तो गेला. सर्जन पोचले होते. उपयोग झाला नाही. आठ वाजता स्टोअर उघडलं आणि घरी पाठवायच्या सामानाची यादी मीच केली.

त्या पोस्टिंगवर माझ्या वॉर्डात सात जण गेले. सातही नावं मला पाठ आहेत. याचं नाव शिपाई लालरेमा. वय बावीस. बेड नंबर अकरा. जेवणातली मिरची शेजारच्या बेडला द्यायचा आणि बदल्यात त्याचा गूळ मागायचा. घरी आई आणि दोन बहिणी.

त्या संध्याकाळी स्टोअरची किल्ली माझ्या खिशात होती.

तुमची,
आजी