रिकाम्या ट्रेसरच्या त्रेचाळीस ओळी

आधीच सांगतो, या ग्रुपवर मी तुमची टिंगल करायला यायचो. चकवा, हडळ, मागून आलेली हाक... चहा पिता पिता वाचायचं आणि हसायचं. त्यामुळे आता माझं कुणाला खरं वाटलं नाही तर तक्रार नाही.

मी खोडदचा. रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आमच्या गच्चीवरून दिसतात. प्रोग्रॅमर आहे, घरूनच काम करतो. वडील, म्हणजे अण्णा, बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दलाल. जन्मभर टॉवेलाखाली हात घालून, बोटं दाबून सौदे केले. तोंडाने आकडा कधी काढला नाही. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. पण उघड्यावर ते बोटं हलवीनात. शेवटी आईने हातावर टॉवेल टाकला, तेव्हा बोलायला लागले. एक बोट दाबलं की पाणी, दोन म्हणजे कूस बदला, तीन म्हणजे आईला बोलाव. आमची यादी एवढीच.

माझं टेबल त्यांच्या खाटेला लागून. डावा हात टॉवेलाखाली त्यांच्या हातात, उजवा कीबोर्डवर. बघणारे म्हणायचे, पोरगा लई सेवा करतो. कसली डोंबलाची सेवा...

काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ब्लॉकचेनवर कुणी व्यवहार पाठवला की आमचा प्रोग्रॅम तो एकेक पायरी करत चालवतो. कोणत्या पायरीला काय झालं त्याची नोंद म्हणजे ट्रेस. आधी तो एकाच साच्यात निघायचा — घ्यायचा तर सगळा, नाहीतर काहीच नाही. मला ते मोकळं करायचं होतं. ज्याला जे बघायचंय त्याने आपला ट्रेसर, म्हणजे नोंद टिपणारा छोटा प्रोग्रॅम, जोडावा आणि तेवढंच टिपावं. महिनाभर डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्या मंगळवारी दुपारी अण्णा हात दाबायला लागले. सारखे दाबत होते.

"अण्णा, थांबा जरा. एवढं झालं की बघतो."

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. बोटं मोजलीसुद्धा नाहीत. थोड्या वेळाने दाबणं थांबलं आणि मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं... चला, आता सलग काम होईल. आई जेवायला बोलवायला आली तेव्हा तिला कळलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मला कळलं नव्हतं.

तेराव्यानंतर कामाला बसलो. पहिली चाचणी सगळ्यांत साधी — रिकामा ट्रेसर. नुसता जोडायचा, त्याने काहीच टिपायचं नाही. फाइल कोरी यायला हवी. ती भरून आली.

१ १ ५
१ १ ५
१ १ ५

अशा त्रेचाळीस ओळी. शेवटच्या ओळीत नुसतंच १ १, पुढे काही नाही.

चूक माझीच असणार म्हणून कोड चार वेळा वाचला. बंगळुरूच्या सहकाऱ्याने तोच कोड चालवला. त्याची फाइल कोरी. मी मशीन पुसून सगळं नव्याने टाकलं, तरी पुन्हा त्याच ओळी. मग लक्षात आलं, पाचाच्या पुढे एकही आकडा नाही... आणि हाताला बोटंही पाचच.

आमच्या यादीत एक-एक-पाच नव्हतं. आईला विचारलं.

"न्हाई रे, माझा हात असा कधी दाबला न्हाई त्यांनी."

सोमवारी बेल्ह्याला गेलो. अण्णांचे जोडीदार बबनमामा टेम्पोजवळ उभे होते. त्यांना काही सांगितलं नाही. त्यांच्याच खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याखाली हात धरला आणि दाबलं. एक बोट, पुन्हा एक, मग अख्खा पंजा.

मामांनी हात काढून घेतला. "कुठं शिकला हे?"

"अण्णांकडून. किती होतात, मामा?"

"आकडा न्हाई हा. समोरच्याचं ध्यान दुसरीकडं आसलं ना, मंग आसं दाबायचं. माझ्याकडं बघ, म्हणून."

घरी कसा आलो, आठवत नाही. अण्णांना पाणी नको होतं, औषध नको होतं. त्रेचाळीस वेळा एवढंच मागितलं त्यांनी, आणि मी हातभर अंतरावर बसून दुसऱ्यांच्या व्यवहाराच्या पायऱ्या बघत होतो.

माझं काम पास झालं. लोक वापरतात, चांगलं चालतं म्हणतात. माझ्याकडे मात्र त्या सोमवारपासून फाइल कोरीच येते. ज्या ट्रेसरला लिहायला सांगितलंच नव्हतं त्याने ते कसं लिहिलं, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, मी हसणार नाही.

रोज दुपारी तीच चाचणी लावतो. लावली की स्क्रीनकडे पाठ करतो, खाटेकडे तोंड करून बसतो. डावा हात टॉवेलाखाली असतो. कुणी दाबत नाही.