कर्नलचं बारावं प्रकरण

सुमंतरावांना पाठांतराचा भारी तोरा. साताऱ्याच्या शाळेत घोकलेली पावकी-निमकी चाळीस वर्षं अमेरिकेतल्या सैनिकी कॉलेजात गणित शिकवूनही ते विसरले नव्हते. "जे पाठ आहे ते लिहायचं कशाला?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सुहासिनीबाईंना आता नवऱ्याच्या त्या वाक्याची चीड येते.

एकोणिसाव्या शतकात त्या कॉलेजाचा प्रमुख होता कर्नल व्हिटकोम, हाडाचा गणिती. त्याचं चरित्र लिहायचं वेड सुमंतरावांनी घेतलं. त्याच्या वंशातल्या एका आजींच्या घरी बसून त्याची शेवटची पत्रं वाचली, टिपण मात्र एक काढलं नाही. पुढे ते घर पत्रांसकट जळालं. अकरा प्रकरणं कागदावर उतरली. बारावं, म्हाताऱ्या कर्नलने एका सकाळी कॉलेज का सोडलं ते, फक्त डोक्यात राहिलं. आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, स्मृती जात चालली आहे, परत येणार नाही.

ते प्रकरण नवऱ्याच्या डोक्यातून काढून घ्यायचंच, म्हणून बाई हट्टाला पेटल्या. मॉरिसव्हिल गावातल्या आपल्या घरात, गराजमध्ये फळा टांगला. कर्नलची शिकवायची रीत त्यांना नवऱ्याकडून ऐकून ठाऊक होती. कॅडेटने रोज फळ्यापाशी जायचं, कोपऱ्यात नाव लिहायचं, मग उत्तर. येत नसेल तर 'तयारी नाही, सर' असं कबूल करायचं आणि मास्तर बस म्हणेपर्यंत ताठ उभं राहायचं. रोज दहाला बाई वही उघडून विचारत, "कर्नलने कॉलेज का सोडलं?" पहिल्या वर्षी पानभर मिळालं. यंदा चार ओळी.

मुलगी हिमानी फोनवर म्हणाली, "आई, प्लीज स्टॉप. बाबा इज टायर्ड."

"तू नको सांगूस! त्यांचा सगळा जन्म गेलाय त्यात," बाई ओरडल्या आणि मग रडल्या.

आज सुमंतरावांनी कोपऱ्यात नाव लिहिलं. खडू थांबला. मग ते वळले, टाचा जुळवल्या आणि बायकोकडे परक्यासारखं बघत म्हणाले, "आय अ‍ॅम नॉट प्रिपेअर्ड, सर."

"अहो, मी सुहास. आठवा ना हो, थोडंसं तरी!"

"आय अ‍ॅम नॉट प्रिपेअर्ड, सर."

ते हुकमाची वाट बघत उभे राहिले. एकदा बसा म्हटलं की संपलं, हे बाईंना कळत होतं. पुस्तकही संपलं आणि माणूसही. उभं राहून सुमंतरावांचे पाय भरून आले, तरी बाईंच्या तोंडून तो एक शब्द फुटेना.