तळमजल्याची यादी

आमच्या वसाहतीत तळमजल्याचे क्वार्टर म्हणजे घरापुढचा एक वाफा माती. तीन मजली पिवळ्या इमारतींच्या पायथ्याशी ज्यांना जागा मिळे, त्यांच्या दारात कढीपत्ता आणि हातभर पुदिना उगवे. वरच्यांच्या वाट्याला पायऱ्या आणि एप्रिलची तापलेली गच्ची. भोपाळच्या त्या कारखान्याच्या टाउनशिप ऑफिसात मी सहायक होते आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहत होते. मराठी कवितेत एम.ए. झाल्यावर माझ्या वाट्याला आलेले काम असे होते: कोणी, कोणत्या तारखेला, घर बदलून मागितले याच्या याद्या संगणकावर तयार करणे.

त्या वर्षीची यादी रुंद झाली. नाव, विभाग, सध्याचे घर, मजला, कारण, अर्जाची तारीख, तिच्यावरून ठरणारा क्रमांक, शिवाय कार्यालयाला प्रिय असे आणखी काही रकाने. पडद्यावर ती सलग दिसे. छापताना मात्र तिचे चार कागद झाले. नावे डाव्या कागदांवर, तारखा उजव्या. पान कुठे मोडणार हे आधी पाहता येते, एवढेही मला ठाऊक नव्हते. ओळींमधल्या रेघाही छापून आल्या नाहीत. ते गरम कागद मी शिपायाच्या हाती दिले. त्याने कात्रीने समास कापले आणि डिंकाने चारही जोडले. वरच्या जोडीवर मथळा होता, म्हणून ती नीट बसली. खालच्या जोडीवर मथळा नव्हता. तिथे तारखांचा कागद एका ओळीने वर सरकला. वर उरलेली तारीख कात्रीत गेली आणि तळाशी एक नाव एकटेच लोंबत राहिले. त्याच कागदावर साहेबांची सही झाली आणि तो काचेच्या फलकात लागला. आमच्याकडे सही झालेला कागद तेवढा खरा. संगणकातले सारे कच्चे. घरे वाटताना समिती तोच कागद समोर ठेवणार होती, आणि रिकामे झालेले तळमजले मोजून चार होते.

तळाशी लोंबणारे नाव कँटीनमधल्या मावशींचे होते. मूळच्या नागपूरकडच्या, नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेल्या. त्याही तिसऱ्या मजल्यावर राहत. सासूचे गुडघे निकामी झालेले. म्हातारीने वर्षभरात जमीन पाहिली नव्हती.

हरकतींच्या शेवटच्या दिवशी दुपारी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. पदराला आल्याच्या चहाचा वास होता.

"बाई, माह्या नावासमोर काहीच नाही दिसून राहिलं. अर्ज तं मी साहेबाच्याच हाती दिला होता."

मी फलकापाशी गेले. तळमजल्यासाठी मीही अर्ज केला होता; मावशींच्या नावाच्या नेमके वर माझे नाव होते आणि त्यापुढे एक जुनी तारीख, शेजारी क्रमांक तीन. ती तारीख माझी नव्हती. ती त्यांची होती.

मी लगेच काही बोलले नाही, हे इथे लपवत नाही. "बघते," एवढेच म्हणाले आणि वाळ्याच्या कूलरसमोर येऊन बसले. त्या ओल्या, मातकट गारव्यात मी बिट्टन मार्केटमधून आणलेला मोगरा मनातल्या मनात कुंडीतून काढला आणि जमिनीत लावला. त्याला पाणीही घातले.

तेवढ्यात मावशी स्वतःच हरकत घेऊन साहेबांकडे गेल्या. मधल्या प्लायच्या भिंतीतून सारे ऐकू येत होते.

"तारीख ही नहीं है तो आपत्ति किस बात की, अम्मा? अर्ज़ी की नक़ल लाओ."

"नक़ल किधर से लाऊँ साहब? एकच काग़ज़ था, वो आपको दिया."

"फिर अगले साल देखेंगे."

"अगले साल तो सास नीचे उतरेगीच, साहब. चार जनों के कंधे पर."

त्या वाक्याने माझा मोगरा मुळासकट उपटला.

मी यादी पुन्हा उघडली आणि शोधता शोधता ते दृश्य सापडले, ज्यात पाने कुठे मोडतात ते निळ्या रेघांनी दिसते. एक रेघ थेट नावे आणि तारखा यांच्यामधून गेली होती. ओळ कुठे तोडावी यावर आम्ही कवितेच्या वर्गात तास तास भांडलो होतो. इथे माणसाची ओळ मधोमध तुटली होती आणि मी तिच्याकडे पाहिलेही नव्हते. कागद आडवा केला. कोणालाच नको असलेले रकाने लपवले. उरलेली निळी रेघ माउसने धरून कडेबाहेर ओढली. मथळा प्रत्येक पानावर येईल असे केले, ओळींच्या रेघा छापायला लावल्या, आणि अक्षर मोठेच ठेवले. चार पाने झाली, एकाखाली एक वाचायची.

"इतने पन्ने?" साहेब म्हणाले. "सब एक पन्ने में फिट कर दीजिए न, मॅडम."

मी तसेही छापून आणले. अक्षरे खसखशीएवढी.

"पढ़िए, सर."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "बोर्ड पर लगाना ही तो है. पढ़ना किसको है?"

"जिनको सीढ़ियाँ चढ़नी हैं, उनको."

त्यांचा आवाज कोरडा झाला. "साइन हो चुकी है. लिखित आपत्ति के बिना काग़ज़ नहीं बदलेगा. और अम्मा की आपत्ति बनती नहीं."

"तो मेरी लीजिए."

मी उभ्याउभ्याच लिहिले: माझ्या नावापुढची तारीख माझी नाही, माझी बरीच नंतरची आहे, कागद चुकीचा जोडला गेला, तो तसा छापण्याची चूक माझी, दुरुस्त प्रत सोबत आहे.

त्यांनी ते दोनदा वाचले. "इतने साल की नौकरी में कोई अपना नंबर पीछे कराने नहीं आया. सोच लीजिए. जवाब-तलब भी आप ही से होगा."

"ठप्पा लगाइए, सर. पाँच बजने में दस मिनट हैं."

शिक्का बसला. त्याची जांभळी शाई माझ्या अंगठ्याला लागली आणि घरी पोचेपर्यंत मी ती पुसली नाही.

जाब विचारला गेलाच. त्याचे उत्तर मी मोठ्या अक्षरांत, एका वाक्यात दिले आणि त्यात क्षमा मागितली नाही. चूक कबूल करणे आणि मान खाली घालणे ही मला दोन वेगळी कामे वाटतात. त्यानंतर त्या ऑफिसात जेव्हा जेव्हा कोणी म्हणाले, "एका पानात बसवा," तेव्हा मी खसखशीचा तो कागद खणातून काढून त्यांच्यापुढे धरला.

सोमवारी नव्या सहीची यादी लागली. फलकात दोनच पाने मावली. उरलेली दोन मी शेजारच्या भिंतीवर चिकटवली. मावशी चहाचा ट्रे खाली ठेवून आल्या. आपल्या नावावर त्यांनी बोट ठेवले आणि रेघेवरून ते उजवीकडे नेत राहिल्या: विभाग, घर, मजला, तारीख, क्रमांक तीन. मध्ये कुठेही बोट उचलले नाही.

"अन् तुमचा नंबर कुठं गेला, बाई?"

"बराच खाली."

"मंग राहा वरतीच," त्या हसल्या. "पुदिना न्यायले खाली येत जा. सासू खुडून ठेवत जाईल."