चौतीस बावन्न

गंगाधर कोरे दुपारी झोपणाऱ्यांतला माणूस नव्हे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुपारची झोप म्हणजे बिनपगारी रजा वाटते. पण आज सकाळी त्यानं वीस किलोमीटर जीव तोडून सायकल मारली आहे, वर भरल्या वांग्याबरोबर दोन भाकऱ्या झाल्या आहेत, आणि आता डोळे त्याला न विचारता मिटायला लागले आहेत.

"पाचला उठवते," शैलजा स्वयंपाकघरातून म्हणते. "दस्तगीरकडं जायचंय न्हवं तुम्हाला?"

"हं," तो म्हणतो आणि कुशीवर वळतो.

दस्तगीर मिस्त्रीच्या सायकल दुकानात एक काळा फळा आहे. त्यावर पहाट सायकल मंडळातल्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढं एकच आकडा, ज्याची त्याची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी तासगाव रस्त्यावर शर्यत लागते. शर्यत कसली, ज्याची त्याच्याशीच मारामारी. एकेक मिनिटाच्या अंतरानं एकेकानं सुटायचं, दहा किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. कुणाच्या पाठीमागं लपून वारा चुकवायचा नाही. ज्याची वेळ सुधारली त्यानं संध्याकाळी पाचला दुकानात येऊन ओल्या फडक्यानं आपला जुना आकडा आपल्या हातानं पुसायचा, नवा लिहायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून भजी खायची. पुसलेला आकडा गेला तो गेला, त्याची दुसरीकडं कुठं नोंद नसते.

गंगाधरच्या नावापुढं गेली दोन वर्षं एकच आकडा आहे. चौतीस मिनिटं बावन्न सेकंद. तो पुसण्यासाठी त्यानं भात सोडला, साखर सोडली, गुडघ्याला तेल चोळून चोळून अंथरूण पिवळं केलं. मंडळातली पोरं म्हणतात, काकांना या वयात भारी हौस. आज सकाळी एकदाचं जमलं. चौतीस एकोणपन्नास. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. तो हसला, पण पोटात जे दोन वर्षं बसलं आहे ते जागचं हललं नाही.

कारण ती जुनी वेळ भूपाल मेला त्या दिवसाची आहे. भूपाल चौगुले, गल्लीच्या तोंडावरचा गिरणीवाला, गंगाधरचा अकरा वर्षांचा सायकलीचा सोबती. दोघं मंडळात सगळ्यात वयस्कर, म्हणून कुरकुर न करता शेवटी सुटायचे. आधी भूपाल आणि एका मिनिटानं गंगाधर. त्या दिवशी परतीच्या वाटेवर भूपाल सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला बसला होता. गंगाधरनं त्याला बघितलं आणि तो पुढं निघून आला. तो रेषेवर पोचल्यावर दहा मिनिटांनी एका द्राक्षबागायतदाराचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. "अरे, तुला दिसला न्हाई व्हय?" लोकांनी विचारलं. गंगाधर म्हणाला, "न्हाई." तेराव्याला भूपालच्या बायकोनं, राजमतीवैनीनं विचारलं, "भावजी, शेवटचं काय बोललं का हो ते?" तेव्हाही तो तेच म्हणाला.

आज पाच वाजता तो फळ्यावरून ती वेळ पुसणार आहे. मग तिच्याकडं बघायला नको.

पंखा घरघरतोय. घरघर जाड होते, जवळ येते, आणि मग ती पंख्याची राहत नाही, गिरणीच्या पट्ट्याची होते. नाकात गरम पिठाचा वास येतो.

"गंग्या, दळण झालंय. उचल की."

भूपाल डब्यांच्या रांगेपलीकडं उभा आहे. डोक्यावर हेल्मेट आहे, पायात सायकलचे बूट आहेत आणि भुवयांवर पीठ. बायका आपापले डबे घेऊन उभ्या आहेत, पण त्यांना दोघांचं काही ऐकू येत नाही. गंगाधरला ठाऊक आहे की भूपाल मेलेला आहे. ते बोलून दाखवलं तर भूपालला वाईट वाटेल, म्हणून तो गप्प राहतो.

"किती लागली?" भूपाल विचारतो. रेषा ओलांडली की दोघं एकमेकांना पहिल्यांदा हेच विचारायचे.

"चौतीस एकोणपन्नास."

"आजची कोण इचारतंय? त्या दिवशीची सांग. मला कळलीच न्हाई."

गंगाधर तोंड उघडतो. आकडा जिभेवर आहे, पण सुटत नाही. भूपाल डब्याचं झाकण लावतो, त्यावर थाप मारतो आणि म्हणतो, "चल, वेळ झाली."

वर्कशॉपमधल्या बसदुरुस्तीच्या खड्ड्यावर एक लाल बस उभी आहे आणि तिच्याखालूनच शर्यत सुटते. दस्तगीर मागून गंगाधरची सीट धरून आकडे मोजतोय, पण तो मराठीत मोजतोय की कानडीत ते कळत नाही. भूपाल सुटतो. त्याची पाठ बसखालून बाहेर उजेडात जाते. गंगाधरला मिनिटभर थांबायचं आहे, आणि ते मिनिट काही केल्या संपत नाही.

मग तो रस्त्यावर आहे. रस्ता त्याच्याच घराच्या पुढच्या सोप्यातून जातो, पोरीच्या लग्नाच्या हॉलमधून जातो, तिथं पंगत बसली आहे आणि वाढपी त्याच्या चाकाखालून पत्रावळी ओढून घेतायत. "भावजी, बसा की," राजमतीवैनी म्हणते. तिच्या हातात जिलेबीचं ताट आहे. "येतो, येतो," म्हणत तो पायडल मारतो. हॉल संपतो आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. सकाळचे साडेसहा झाले आहेत, गारठा आहे.

कडेच्या गवतात भूपाल बसला आहे. सायकल आडवी पडली आहे, तिचं पुढचं चाक अजून फिरतंय. एक हात छातीवर. दुसरा त्यानं वर केला आहे.

गंगाधर ब्रेक दाबतो. ब्रेक लागत नाहीत. तो पुढं जातो, आणि पुढं पुन्हा तीच बाग येते, तेच गवत, तोच वर केलेला हात. पुन्हा तो निघून जातो. तिसऱ्यांदा तो हात दिसतो तेव्हा गंगाधर ओरडायला लागतो, मिस्त्री, ब्रेक, ब्रेक, आणि ओरडता ओरडता त्याच्या लक्षात येतं की आपली बोटं ब्रेकवर नाहीतच. ती घड्याळावर आहेत.

तो पाय खाली टेकतो. सायकल थांबते. एवढंच करायचं होतं.

"आलास व्हय," भूपाल म्हणतो. "बस."

गंगाधर गवतात त्याच्या शेजारी बसतो. जमीन गार आहे.

"पाणी दे. सूर्य उगावला आता." भूपाल जैनाचा, नेमाचा कडक. उगवतीच्या आत पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे आणि त्यावरून गंगाधर त्याला अकरा वर्षं पिडत आला. आज तो मुकाट्यानं बाटली पुढं करतो. भूपाल पितो, थोडं पाणी छातीवर सांडतं.

"मला वाटलं पंक्चर झालं," गंगाधर म्हणतो.

"खोटं बोलू नगो. पंक्चर झाल्यावर माणूस छाती धरतंय व्हय?"

गंगाधर बागेकडं बघत राहतो. मग तो सांगायला लागतो, आणि आपलाच आवाज त्याला लांबून ऐकू येतो. "बघितलं मी. छातीवरचा हात बघितला. घाम बघितला. पण मला आनंद झाला, भूपाल. अकरा वर्सांत पहिल्यांदा मी तुला गाठला हुता. घड्याळ बघितलं, चौतीसात येत हुतो. म्हटलं, आधी रेषा गाठू, मग माघारी येऊ."

"आला न्हाईस."

"पोरांनी उचलून धरलं. वेळ ऐकली आणि इसरलो. दहा मिन्टं इसरलो मी तुला."

पडलेल्या सायकलचं चाक फिरतच आहे.

"थांबलो असतो तर वाचला असतास?"

"मला काय म्हाईत? मी काय डाक्टर हाय?" भूपाल चिडून म्हणतो. मग त्याचा आवाज खाली येतो. "भ्या वाटलं रे, गंग्या. एकट्याला लई भ्या वाटलं. तुझ्या चाकाचा आवाज ऐकत बसलो. मग त्यो बी ऐकू येईना."

गंगाधर रडायला लागतो. वर्कशॉपमध्ये बोट चिरडलं तेव्हाही तो असा रडला नव्हता. भूपाल त्याची समजूत घालत नाही, पाठीवर हात ठेवत नाही. नुसता शेजारी बसून राहतो.

"चौतीस बावन्न," गंगाधर शेवटी सांगतो. "त्या दिवशी चौतीस बावन्न लागली. आज पुसणार हाय मी. मला ती बघवत न्हाई."

"माझ्या तोंडावरनं जाऊन केलीस आणि पुसणार तू एकटा?"

"मग काय करू?"

"पूस, न्हाईतर ठेव. मला फळ्याशी काय करायचंय?" भूपाल त्याच्याकडं तोंड वळवतो. भुवयांवरचं पीठ घामानं ओलं झालं आहे. "मी हात केला तवा काय बोललो, ते ऐकलंवतास?"

दोन वर्षं गंगाधरनं हे स्वतःलाही कबूल केलेलं नाही. वारा होता, चेनचा आवाज होता, काही ऐकू आलं नाही, असंच तो स्वतःला बजावत आला आहे.

"ऐकलंवतं," तो म्हणतो.

"काय?"

"राजमतीला बोलीव म्हणालास."

"मग बोलावलीस?"

बागेतून कुणीतरी येतंय. गंगाधरला वाटतं राजमतीवैनीच आहे, हातात अजून जिलेबीचं ताट आहे. पण ती जवळ येत नाही. तिला कुणी हाक मारलेली नाही, म्हणून ती वेलींच्या पलीकडंच उभी आहे. भूपाल तिकडं बघतोय. त्याचा हात पुन्हा वर जातो आणि गंगाधर तो धरायला पुढं होतो.

"अहो. उठा की. पाच वाजलं."

शैलजा खांदा हलवतेय. खिडकीतून ऊन पायावर आलं आहे. गंगाधर उठून बसतो. तोंड ओलं आहे, उशी ओली आहे. वर पंखा घरघरतोय.

"दस्तगीरचा फोन येऊन गेला," ती म्हणते. "सगळी जमल्यात, भजीचं तेल तापलंय म्हणाला." तो कॉटवरून उठतो, दोन पावलं चालतो, आणि मागून तिचा आवाज येतो. "अगं बया, ह्ये काय हो लेंग्याला?"

तो मागं हात लावतो. बोटाला टोचतं. आंघोळीनंतर दोरीवरून काढून घातलेला धुतलेला लेंगा, आणि बैठकीपासून गुडघ्यांपर्यंत त्यात कुसळं रुतली आहेत. कडेच्या गवतात बसल्यावर रुततात तशी, पंधरा-वीस तरी. शैलजा एक उपटून उजेडात धरते. त्याचं टोक अजून हिरवट आहे.

"जेवून उठलासा ते सरळ झोपलासा. कुठं जाऊन बसला होतासा?"

"भूपालजवळ."

ती त्याच्या तोंडाकडं बघते. थट्टा करायला उघडलेलं तोंड ती मिटते.

"मी त्याला बघितलंवतं, शैला. त्या दिवशी. त्यानं हात केला, राजमतीला बोलीव म्हणाला. मी ऐकलं आणि पुढं गेलो."

स्वयंपाकघरात नळाचं पाणी वाहतंय. ते बंद करायला ती जात नाही.

"दोन वर्सं?" ती विचारते.

तो मान हलवतो. चप्पल शोधतो. ती दारातच पडली आहे, तरी त्याला सापडायला वेळ लागतो.

"दस्तगीरला काय सांगू?"

"म्हणावं, भजी खाऊन घ्या. मी वैनीकडं चाललोय."

"लेंगा तरी बदला," ती म्हणते, पण तिच्या आवाजात जोर नाही. ती पदर नीट करते आणि त्याच्या मागोमाग निघते. राजमतीवैनीचं घर तिसरंच आहे, गिरणीला लागून. तेवढ्या वाटेत पावलागणिक कुसळं मांडीला टोचतात आणि गंगाधर त्यांतलं एकही काढत नाही.