कॅडिलॅकचा सदका

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण या माणसाची गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागणार. कादिर. हर्णैचे, दर्यावर्दी घराण्यातले, आणि पाण्याला भिणारे! होडीत बसले की ओकायचे, म्हणून सासऱ्यांनी ट्रकवर धाडलं आणि तिथून ड्रायव्हर होऊन हे जेद्द्याला एका सौदी घरी आले. मी मागाहून आले, त्याच घरात स्वयंपाकाला. येऊन बघते तर काय, माझ्याआधीच एक सवत नांदत होती.

सवत म्हणजे गाडी. कॅडिलॅक. सायीच्या रंगाची, फाटकाशेजारच्या आमच्या खोलीपेक्षा लांब. आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर आमचा व्हिसा, त्या अबू मन्सूर यांनी तरुणपणी ती धाहरानच्या एका अमेरिकन साहेबाकडून घेतलेली, तो मायदेशी परत चालला होता तेव्हा. घरातल्या बाकी गाड्या येत गेल्या, जात गेल्या, ही राहिली. हे तिला मऊ जुन्या बनियननेच पुसायचे. माझ्या नव्या ओढणीकडे बघायला या माणसाला फुरसत नाही, पण तिच्या काचेवर माशी बसली तर लगेच दिसायची.

दर गुरुवारी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दोघं निघायचे. मागे अबू मन्सूर, पुढे हे. समुद्राच्या कडेने, अगदी सावकाश, काचा खाली करून. एकदा मलाही नेलं होतं. दमट हवेत समुद्र नि आभाळ एकच झालेलं, रस्ता आहे की नाही तेही कळेना, आणि आम्ही जमिनीला न टेकता कुठेतरी चाललोय असं वाटत होतं. तासभर कोणी अवाक्षर काढलं नाही. मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, पण त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसले. परत आल्यावर हे म्हणाले, "होडीत बसून लोकांना असंच वाटत असेल, नाही?"

गेल्या हिवाळ्यात अबू मन्सूर वारले. इद्दत, विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर त्यांच्या बेगमने, आम्ही तिला मामा, म्हणजे आई म्हणतो, आम्हाला बोलावलं. म्हणाली, "गाडी त्यांच्या नावाने सदक्यात, दानात देते. किडनीच्या रोग्यांना मदत करणारी एक संस्था आहे, ते लिलाव करतील. तेवढाच त्यांना तिकडे सवाब पोहोचेल." हे "हाजिर, मामा" म्हणाले आणि खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी बांगड्याचं कालवण केलं होतं. बांगडा ताटात तसाच राहिला.

संस्थेचा माणूस आला, तौकीर नावाचा, हैदराबादचा. किल्ली फिरवली. इंजिन नुसतं खोकलं, पेटलं काही नाही. पुढच्या खेपेला तो नवी बॅटरी घेऊन आला, तरी तेच. मामाने हाक मारून यांनाच विचारलं, हे म्हणाले, "म्हातारी झाली." कादिर म्हणतोय म्हणजे तसंच असणार, एवढा त्या घरात यांच्यावर भरवसा. तौकीरने हात झटकले. "भाईसाब, अब तो ये भंगार में ही जाएगी. अगले हफ्ते ट्रक लाता हूँ." हे ऐकून आमचे हे पांढरेफटक पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून यांचा जरा डोळा लागला तर एसीच्या गारव्यातही घामाघूम होऊन उठले. स्वप्नात म्हणे गाडी हर्णैच्या पुळणीवर उभी होती, चाकांना फेस लागत होता. मागे अबू मन्सूर, इस्त्रीचा पांढरा तोब घालून. म्हणाले, "यल्ला, कादिर. चल." यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरूच होईना. पाणी चढत चाललेलं. अबू मन्सूर जरासुद्धा रागावले नाहीत, काचेतून बाहेर बघत वाट बघत बसले.

आमच्याकडे मयत माणूस स्वप्नात येऊन असा खोळंबला, की त्याच्या नावाने काहीतरी द्यायचं असतं. माझी आई तर उठल्या उठल्या मशिदीत भाताचं ताट धाडायची. मी म्हटलं, "अहो, ते सदक्याची वाट बघतायत. आता उशीर नको." त्यावर यांनी उशीखाली हात घातला आणि बिस्किटाएवढा एक काळा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"रोटर," म्हणाले. "हा काढला की इंजिन पेटत नाही. मीच काढला."

माझं डोकंच फिरलं. "या अल्ला! मेलेल्या माणसाची वाट अडवून बसलात? त्याचा सदका उशाला घेऊन झोपता? लाज कशी वाटली नाही?" आणखीही बरंच बोलले, माझी जीभ एकदा सुटली की सुटली. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी दारात आहे तोवर मला वाटतं, ते आत कपडे करतायत, येतीलच आता. ती गेली की ते गेले, शरफू." मी शेजारी बसून रडले.

असरनंतर दोघं मामाकडे गेलो. यांनी रोटर तिच्यापुढे ठेवला, मान खाली घालून सगळं सांगितलं. आता इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द होणार, गाशा गुंडाळायचा, अशी माझी तयारीच झाली होती. मामा तो तुकडा बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "दोन्ही वेळा गाडी सुरू झाली नाही, तेव्हा मी पडद्यामागून अल्लाचे आभार मानून अल्हम्दुलिल्लाह म्हटलं होतं."

आणि ती आमच्यासमोर पहिल्यांदाच ढसाढसा रडली. शेवटी डोळे पुसून तिने रोटर यांच्या हातात दिला. "लाव, कादिर. पुष्कळ थांबवलं आपण त्यांना."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लिलावात रियाधच्या एका हौशी माणसाने घेतली, बोली चांगली चढली, तौकीर तर यांना मिठीच मारायला आला. यांनी नव्या मालकाला किल्ली दिली, म्हणाले, "सुरू केल्या केल्या पळवू नका, जरा गरम होऊ द्या." त्याच्या कानाला फोन. ऐकलं की नाही कोण जाणे. गाडी वळणापलीकडे गेली.

परत यायला टॅक्सी केली, तर हे जाऊन ड्रायव्हरच्या दारापाशी उभे! टॅक्सीवाला हसायला लागला. मी दंडाला धरून मागे बसवलं. जेद्द्यात आल्यापासून हा माणूस कधी मागे बसला नव्हता. हात मांडीवर ठेवून बघितले, काखेत घालून बघितले, शेवटी तसेच पुढे अधांतरी धरले.

टॅक्सी समुद्राच्या कडेला लागली.

"आता या हातांचं काय करू, शरफू?"

मी ते दोन्ही धरले आणि घर येईपर्यंत सोडले नाहीत.