माझी दहा माणसं आणि नसरीनच्या तिघी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी सगळं सांगतो, तिनं विचारलेलं नसतं तेही. तशा माझ्या फजित्या गावभर झाल्यात. एकदा चाचणीचा मेसेज आमच्या ॲपच्या झाडून सगळ्या ग्राहकांना गेला, 'आई, वाजलं का गं?' हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगतो, लोकांना ठसका लागतो. हा दुसरा मात्र सांगत नाही. का? त्यात हसण्यासारखं काही नाही म्हणून? तेवढंच कारण असतं तर बरं होतं.

आमचं ॲप मराठी मालिका, नाटकं, कीर्तनं दाखवतं. ऑफिस सिडकोत. तीन वर्षांपूर्वी त्याचं रूप बदलायचं ठरलं — कुठलं बटण कुठं, आधी काय दिसावं, सगळं नव्यानं. काम माझ्याकडं. त्यासाठी बघणाऱ्या लोकांना घरी जाऊन भेटायचं, ते कुठं अडतात ते टिपायचं. मला अजिंठ्याकडची गावं दिली, नसरीनला पैठण. नसरीन नवी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. तिला काम शिकवत होतो मीच. 'माणसाला मधे तोडायचं नाही, ऐकायचं,' वगैरे.

मे महिना होता. मी गेलो नाही.

पडेगावला घरी, कूलरसमोर बसून, तीन दिवसांत मी दहा माणसं तयार केली. खोटं कशाला बोलू — आता तरी — मजा आली. एक किराणावाला, एक रिटायर्ड गुरुजी, एक कौसाबाई. कौसाबाई खरी वाटावी म्हणून तिला एक म्हैस दिली. आणि दहाही जणांकडून मला हवं तेच वदवून घेतलं. दोन भाग संपले की आमचं ॲप थांबतं आणि विचारतं, 'अजून पाहताय का?' बोट लावल्याशिवाय पुढं सरकत नाही. ती पाटी माझ्याच डोक्यातून निघालेली. माझ्या दहांना ती लई आवडली. डेटा वाचतो म्हणाले.

नसरीन तीन बायकांना भेटून आली. तिघी पैठणी विणणाऱ्या. मोबाइल मागाजवळ टेकवून ठेवतात, मालिका बघत नाहीत, नुसती ऐकतात. पाटी आली की धोटा ठेवून उठायचं, बोट लावायचं, परत बसून धागा शोधायचा.

"लई चिडतात हो सर," ती मीटिंगमध्ये म्हणाली. "एक म्हणे, त्याला सांग गं बाई, मी मेले नाय अजून!"

सगळे हसले. मीही. मग मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझे काय म्हणतात?"

"एकाचीही तक्रार नाही, सर."

इथं थांबता आलं असतं. पण नसरीन म्हणाली, "मग दोघं परत जाऊ ना सर. आधी पैठण, मग तुमच्या कौसाबाईकडं." साधीच बोलली, संशय वगैरे काही नाही. कुठं नेणार होतो तिला? कुठल्या गावात, कुठल्या म्हशीपुढं?

मी मॅनेजरांना म्हणालो, "बायकांच्या तोंडात हिनंच शब्द घातले असतील, सर. नवीन आहे. ऐकायला शिकायला वेळ लागतो."

नसरीननं वही मिटली. पाटी तशीच राहिली. प्रोबेशन संपलं तेव्हा तिच्याबद्दल शेरा मागवला — माझ्याकडूनच. मी तेच वाक्य लिहिलं. लिहिताना चहा पीत होतो. तिला कायम केलं नाही.

इथं मला वाईट वाटतं असं लिहायला पाहिजे ना? दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल आपण चावतो आणि कळत नाही — तसं आहे. चावतोय एवढं माहीत आहे.

गेल्या महिन्यात ती औरंगपुऱ्यात भेटली. एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते म्हणाली. मग स्वतःहूनच बोलली, "अच्छा हुआ सर, तुम्ही वेळेवर सांगितलं. मला माणसं ऐकताच येत नाहीत. त्या तिघी खरंच तसं बोलल्या का, आता माझं मलाच कळंना."

भर दुपार. तिच्या हातात भाजीची पिशवी, माझे दोन्ही हात मोकळे. सांगायला आणखी काय लागतं?

"होतं असं सुरुवातीला," मी म्हणालो. वर काहीतरी गंमत करून तिला हसवलं. ती हसली, आणि गेली.

तिच्या तिघी खऱ्या होत्या. ती त्यांच्या मागापाशी बसली होती, त्या बोलल्या ते जसंच्या तसं घेऊन आली होती. मी घरातून उठलोही नव्हतो. हे तिला अजून माहीत नाही.