विहिरीच्या पाळण्याखालच्या चार नळ्या

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर टाकलं. आजही मानत नाही — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

साल एकसष्ट, उन्हाळा. घाटंजीपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते, म्हणून वस्तीने स्वतःची विहीर खणायला घेतली. बाबा पत्र्याची भांडी करायचे, पण खणायला तेही उतरायचे. एक दिवस दोर तुटला. माणसं उतरवायच्या लोखंडी पाळण्यासकट बाबा तळाला आदळले आणि गेले. कमरेची हातोडी गाळात गेली, ती सापडलीच नाही.

"देव सोडले न तुमी, भोगा आता," पाटलाचा गडी म्हणाला.

"दोर सडका होता. देवाले कायले मंधात आणता?" मी म्हणालो. डोकंच फिरलं होतं माझं.

काम बंद पडलं असतं तर पाणी नाकारणारेच जिंकले असते. थोरला भाऊ किसनदादा उतरायला तयार झाला. मी यवतमाळला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. ठरवलं — दोर तुटला तरी माणूस मरता कामा नये. रॉकेलच्या डब्यांचा पातळ पत्रा कापून हातभर लांबीच्या नळ्या केल्या. पाळण्याखाली चार कोपऱ्यांना चार उभ्या. आपटल्यावर नळी निऱ्या पडत सरळ दबली, तर धक्का तीच खाते. पण चाचणीसाठी दगड भरून पाळणा एका खड्ड्यात सोडला की नळ्या मधेच मोडून कलंडायच्या... आठ दिवस हेच.

नवव्या संध्याकाळी नव्या चार नळ्या खोलीत ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. सकाळी उघडून पाहतो तर प्रत्येक नळीच्या वरच्या काठाखाली तीन पोचे! सारख्या अंतरावर, अर्धगोल. बाबांच्या हातोडीचं तोंड एका बाजूने उडालेलं होतं, तिचा ठोका असाच उमटायचा. आणि भांडं गिऱ्हाइकाला देण्याआधी काठावर तीन ठोके मारायची त्यांची सवयच होती.

आईने पोच्यांवरून बोट फिरवलं. "तुह्या बापाचा हात हाये हा," म्हणाली आणि रडली. मीही रडलो, लपवत नाही.

"कोणी तरी खोडी केली," म्हणत मी रागारागाने त्याच नळ्या लावल्या आणि पाळणा सोडला. पोच्यांपाशी पहिली निरी पडली, मग दुसरी, तिसरी... चारही नळ्या सरळ दबल्या. मग नव्या नळ्यांना तसेच पोचे मी स्वतः मारले.

पाचव्या दिवशी दादा उतरत असताना कप्पीच निखळली. पाळण्यासकट तो पंधरा फूट खाली आदळला. आम्ही काठावरून ओरडायला लागलो.

"बोंबलता काहून?" खालून आवाज आला. "पाय मुरगळला फक्त. दुसरी कप्पी लावा!"

पावसाळ्याआधी पाणी लागलं. आजतागायत आटलेलं नाही.

गाव म्हणालं, बापाचं भूत आलं. बंद कुलपाआड ते पोचे कोणी मारले, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा. पण भूत म्हणू नका.

भूत मी मानत नाही. बाबांना मानतो.